काटेसाहेब काट्यावर

काटेसाहेबांचं वजन जरा जास्तच आहे ही गोष्ट साऱ्या बाजाराला ठाऊक होती. सरकारला मात्र ती एका सोमवारी सकाळी अकरा वाजता कळली, आणि सरकारला एखादी गोष्ट कळली की ती तीन प्रतींत कळते.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानातून हिंडायचं, काटे तपासायचे, खरा असेल त्यावर शिक्का मारायचा आणि खोटा असेल तो उचलून न्यायचा, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. बाजाराने त्यांना हे नाव लाडाने दिलं होतं की रागाने, हे ज्याच्या त्याच्या काट्यावर अवलंबून होतं.

त्या सोमवारी आलेला आदेश साधा होता. फिरतीवर काम करणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने नव्वद दिवसांत वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणावं. सोबत उंची आणि वजनाचा तक्ता जोडला होता. त्या तक्त्याप्रमाणे साहेबांना नव्वद किलोपर्यंत राहण्याची परवानगी होती आणि ते होते पंचाण्णव.

"नाही जमलं तर?" साहेबांनी वरिष्ठांना विचारलं.

"तर तळघरात आवक-जावक विभागात टेबल रिकामं आहे," वरिष्ठ म्हणाले. "पंखा आहे तिथे. खिडकी नाही, पण पंखा आहे."

बाजार हाच साहेबांचा प्राणवायू होता. भाजीवालीच्या पारड्याला बोटाने हलकेच टिचकी मारायची आणि ते झुलून बरोब्बर मध्यावर थांबताना पाहायचं, यासारखं सुख त्यांना घरच्या झोपाळ्यावरही मिळत नसे. उरलेली सात वर्षं तळघरात पाकिटांवर आकडे घालत बसायचं म्हणजे जिवंतपणी मुरांबा होऊन बरणीत बसण्यासारखं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी वजन उतरवायचं ठरवलं.

आता दुसरा कोणी असता तर त्याने जेवण कमी केलं असतं. साहेबांनी आधी काटा आणला. बाजारातून नवा, गोल तबकडीचा, पायांखाली ठेवायचा. मग कार्यालयातली प्रमाणित वजनं रीतसर अर्ज करून घरी आणली, पाणसळ लावून फरशीची पातळी पाहिली, काटा दहा वेळा तपासला आणि त्याला शिशाचं सील ठोकलं. साहेबांच्या आई पलंगावरून हे सगळं बघत होत्या.

"अरे, वजन तुझं जास्त आहे ना? मग त्या काट्याला का छळतोस?" त्या म्हणाल्या.

"आई, माप खरं नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले आणि काट्यावर उभे राहिले. त्यांनी खाली पाहिलं. खाली त्यांचं पोट होतं. तबकडी त्याच्या पलीकडे कुठेतरी असावी. ते जरा वाकले तर काट्याला ते वाकणं मान्य होईना, तबकडी नुसती थरथरत राही. शेवटी बायकोला बोलावलं. तिने चष्मा लावला, गुडघे टेकले आणि वाचलं, "पंचाण्णव." तेव्हापासून दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, बायकोने वाचायचं आणि साहेबांनी वहीत लिहायचं असं ठरून गेलं.

आदेशाबरोबर एक माहितीपत्रकही आलं होतं. अर्धा तास भरभर चाललं की किती ऊर्जा खर्च होते आणि एका केळ्यात किती ऊर्जा असते वगैरे. एरवी माणसं असली पत्रकं शेंगदाणे गुंडाळायला वापरतात. साहेबांनी ते पाठ केलं. सव्वीस वर्षं तराजूशी संसार केलेल्या माणसाला त्यात जे दिसायचं तेच दिसलं: एका पारड्यात खाणं, दुसऱ्यात व्यायाम आणि काटा मध्यावर. अर्धा तास चालणं म्हणजे दीड केळं. मग साहेब अर्धा तास चालून येत आणि घामाघूम अवस्थेत दीड केळं खात. उरलेलं अर्धं उद्यासाठी झाकून ठेवत. पंधरा मिनिटं दोरीवरच्या उड्या म्हणजे लोणी लावलेला एक पाव. तोही उड्या मारून झाल्याबरोबर, सोनाराकडच्यासारख्या छोट्या तराजूत तोलून, न चुकता. एखाद्या दिवशी व्यायाम जास्त झाला तर पारडी असमान राहू नयेत म्हणून ते भूक नसताना उकडलेला बटाटा खात. यात कर्तव्यदक्षता होती, चव नव्हती.

हे कळल्यावर इमारतीत सल्ल्यांचा पूर आला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त कवायतमास्तर राहत. त्यांनी पहाटे साडेपाचला दार ठोठावून साहेबांना पळायला नेलं. पहिल्या वळणावर मास्तर पुढे गेले, दुसऱ्या वळणावर दिसेनासे झाले. तिसऱ्या वळणावर दूधवाल्याने स्कूटर थांबवली आणि "साहेब, काही झालंय का? बसा मागे," म्हणून त्यांना घरी आणून सोडलं. दूधवाल्याचं माप गेल्याच महिन्यात साहेबांनी पकडलं होतं, त्यामुळे हा उपकार त्यांना फार बोचला. घरी येऊन त्यांनी किती पळालो आणि किती स्कूटरवर आलो याचा हिशोब केला आणि केळ्याचा फक्त एक तुकडा खाल्ला.

दोरीच्या उड्यांचं प्रकरण तर लेखी झालं. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. चौथ्या दिवशी ते हातात चिमटा घेऊनच वर आले.

"साहेब, तुम्ही उडी मारता तेव्हा माझा दिवा हलतो. दिवा हलला की माझा हात हलतो. हात हलला की खुर्चीतला माणूस किंचाळतो," ते म्हणाले. "आज मी दुखणाऱ्या दाढेऐवजी शेजारची धरली होती. थोडक्यात वाचली."

प्रकरण इमारतीच्या सचिवांकडे गेलं. सचिवांनी फळ्यावर सूचना लावली: 'तिसऱ्या मजल्यावरील उड्या दवाखाना बंद असताना माराव्यात.' नाव लिहिलं नव्हतं, पण तिसऱ्या मजल्यावर उड्या मारणारा दुसरा होता कोण? सूचनेखाली कोणीतरी पेन्सिलीने 'आणि पावसाळ्यापूर्वी, नंतर छत गळेल' असं लिहिलं. साहेबांनी ते खोडलं, पण मनाला लागायचं ते लागलंच.

दुसऱ्या रविवारी बायकोने वाचलं, "पंचाण्णव... आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"पाव किलो."

साहेब त्या आठवड्यात कोणाशी धड बोलले नाहीत. बाजारात गेले, काटे तपासले, पण पारड्याला टिचकी काही मारली नाही. तिसऱ्या रविवारी ते डोळे मिटून, मान वर करून काट्यावर उभे राहिले. बायको बराच वेळ तबकडीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "साडेचौऱ्याण्णव!"

साहेबांनी डोळे उघडले. पारड्यांची पद्धत लागू पडली होती. त्यानंतर गाडी उतारालाच लागली. चौऱ्याण्णव, सव्वात्र्याण्णव, साडेब्याण्णव. सातव्या रविवारी साडेएक्क्याण्णव. साहेबांची चाल बदलली, बोलणं बदललं. ते कार्यालयात तरुणांना मार्गदर्शन करू लागले. दातांच्या डॉक्टरांनासुद्धा जिन्यात थांबवून त्यांनी आहाराविषयी चार गोष्टी सांगितल्या. आणि त्याच आठवड्यात आता ढगळ होणार म्हणून दोन पँटी घेऊन ते शिंप्याकडे गेले.

शिंप्याने टेप लावला. पुन्हा लावला. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "साहेब, पँटी आत घ्यायच्यात की बाहेर काढायच्यात?"

"आत. साडेतीन किलो उतरलोय मी."

"मागच्या वेळी कंबर बेचाळीस होती. आज साडेबेचाळीस आहे."

असं कोणी बोललं की साहेब माणसावर रागवत नसत, मापावर रागवत. त्यांनी खिशातली पोलादी पट्टी काढली आणि दुकानाच्या मधोमध शिंप्याचा टेप इंचाइंचाने तपासला. दोन गिऱ्हाइकं खोळंबली. टेप केसभरही चुकलेला नव्हता.

"त्यावर तुमचाच शिक्का आहे, साहेब," शिंपी हळूच म्हणाला.

साहेब पँटी तशाच बगलेत मारून घरी आले. सील पाहिलं, शाबूत होतं. वजनं ठेवून काटा तपासला, तंतोतंत होता. मग त्यांनी दाढीचा आरसा छत्रीच्या टोकाला बांधला, काट्यावर उभे राहिले आणि छत्री पुढे धरून तबकडी पाहिली. आरशात आकडे उलटे दिसत होते, पण शहाण्णव उलटे झाले म्हणून साडेएक्क्याण्णव होत नाहीत. तपासायचं राहिलेलं उपकरण आता एकच होतं, आणि ते स्वयंपाकघरात भाजी चिरत होतं.

"अगं," साहेब दारात उभे राहून म्हणाले, "तू मला गेले पाच रविवार काय वाचून दाखवलंस?"

बायकोची सुरी थांबली. तिने छत्री पाहिली, आरसा पाहिला आणि ती खाली बघू लागली.

"खोटं वाचलंस?"

"हो."

"काटेसाहेबांच्या घरात?"

"त्या दुसऱ्या रविवारी मी खरं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मग आठ दिवस तुम्ही घरात होतात की नव्हतात हेच कळत नव्हतं. भाजीवाली मला विचारत होती, साहेब आजारी आहेत का, म्हणून. तिसऱ्या रविवारी तुम्ही डोळे मिटून उभे होतात. माझ्याच्याने नाही सांगवलं, अहो. म्हटलं, पुढच्या आठवड्यात खरंच उतरेल, मग जुळेल. ते उतरेना आणि मला थांबता येईना."

"मला ठाऊक होतं," पलंगावरून आई म्हणाल्या. "मला तो काटा इथून दिसतो."

साहेब दोन दिवस घुम्यासारखे वावरले. राग बायकोचा होता, आईचा होता, पण खरा राग वेगळाच होता. सव्वीस वर्षं लोकांच्या काट्यामागचं लबाडीचं बोट ते लांबून ओळखत आले होते आणि स्वतः मात्र डोळे मिटून उभे राहिले होते, कारण आकडा आवडीचा येत होता. हे त्यांना जितकं लागलं तितकं फळ्यावरचं पेन्सिलीचं वाक्यही लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बायकोने तो छोटा तराजू पुढे ओढला.

"एक विचारू? रागवणार नसाल तर. तुम्ही चालता तेवढं खाता. उड्या मारता तेवढं खाता. दोन्ही पारडी समोरासमोर आली की तुमचं समाधान होतं. मग वजन जाणार कुठून? ते आहे तिथेच राहणार ना?"

साहेब तराजूकडे बघत राहिले. इतकी सोपी गोष्ट आपल्याला कशी दिसली नाही, हे त्यांना कळेना.

"म्हणजे मापात मारायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. पण स्वतःच्या. पाव अर्धा घ्यायचा आणि चालायचं तेवढंच. रोज थोडंसं मारायचं."

"सव्वीस वर्षांत मी मापात मारलेलं नाही."

"मग आता शिका. शिकवायला मी आहे."

हे शिक्षण फार अवघड गेलं. चालून आल्यावर समोर अर्धंच केळं दिसलं की साहेबांचा हात आपोआप पट्टीकडे जाई. पण आता बायकोही बरोबर चालू लागली होती. चालताना ती भराभरा बोलत असे, आणि तिला उत्तर देता देता साहेबांची धाप पहिल्या वळणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली. एकदा तर त्यांनी कवायतमास्तरांना मागे टाकलं. मास्तर बुटाची नाडी बांधायला थांबले होते, पण ही गोष्ट साहेबांनी सांगताना वगळली. रविवारी बायको वाचायची आणि साहेब छत्री धरून पडताळा घ्यायचे. तिला त्याचं वाईट वाटेल म्हणून चौथ्या रविवारी त्यांनी छत्री बाहेर ठेवली. तेव्हा तीच म्हणाली, "आणा ती. मला पण बरं वाटतं."

नव्वदाव्या दिवशी पहाटे घरचा काटा पावणेब्याण्णववर थांबला. सहा आठवड्यांत सव्वाचार किलो उतरले होते आणि तरीही पावणेदोन जास्त होते. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "तळघरात पंखा आहे म्हणे," ते म्हणाले. बायको चप्पल घालून बरोबर निघाली.

रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर निरनिराळ्या खात्यांच्या पन्नाशीतल्या मंडळींची रांग लागली होती. सगळे पोट आत घेऊन उभे. बायको बाकावर बसली. साहेबांचा नंबर आला. उभ्या खांबाचा काटा होता, तबकडी डोळ्यांसमोर. ते चढले. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि कागदावर लिहिलं, "साडेएकोणनव्वद. छान. उतरा."

साहेब उतरले. दाराबाहेर बायको होती, दाराआड बाजार होता, आणि मध्ये फक्त एक सही होती. त्यांनी बूट घालायला घेतले. एक घातला. दुसरा हातात धरून त्यांनी वाकून खांबाच्या मागच्या बाजूला नजर टाकली. शिक्का तीन वर्षांपूर्वीचा, मुदत संपलेला होता.

न पाहिल्यासारखं करायला त्यांना एक क्षण मिळाला होता. तो त्यांना फार मोठा वाटला.

"बाई," ते म्हणाले, "हा काटा कमी दाखवतो."

"तुम्ही पास झालात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी पावणेब्याण्णव आहे."

बाईंनी चष्मा काढला. सकाळपासून शंभर माणसांनी आपलं वजन कमी आहे असं त्यांना पटवायचा प्रयत्न केला होता. जास्त आहे म्हणणारा हा पहिलाच होता. तोवर साहेब एक बूट घालून जिन्याकडे निघाले होते. तळमजल्यावर रुग्णालयाचं स्वयंपाकघर होतं आणि तिथे तांदूळ तोलायला वीस किलोची दोन लोखंडी वजनं होती. त्यांवरचा शिक्का चार महिन्यांपूर्वीचा होता आणि तो कोणी मारला होता हे सांगायला नको. लिफ्ट बंद होती. साहेबांनी एक वजन खांद्यावर घेतलं, तीन मजले चढून आले, पुन्हा खाली गेले आणि दुसरं घेऊन आले. दोन्ही काट्यावर ठेवली. चाळीसच्या जागी काट्याने एकोणचाळीस दाखवले.

"बघा," साहेब धापा टाकत, पण समाधानाने म्हणाले. "हा जप्त करावा लागेल."

"तुम्ही आज रजेवर ना?"

"जप्तीचा अधिकार फिरतीवरच्या निरीक्षकाला असतो. मी फिरतीवर आहे की नाही, हे तुमच्या सहीवर आहे."

"आणि माझी सही तुमच्या वजनावर आहे," बाई म्हणाल्या. "आणि वजन या काट्यावर. आणि काटा तुम्ही जप्त करणार."

बाहेर रांगेत काटा बंद पडल्याची बातमी पोचली होती आणि लोक मोकळेपणाने बोलू लागले होते. बाईंनी साहेबांचा हात धरून नाडी मोजली, छातीला नळी लावली, पुन्हा नाडी मोजली.

"फिरतीवर तुम्हाला नेमकं काय करावं लागतं हो?"

"जिने चढायचे. वजनं उचलायची. काट्याखाली वाकून बघायचं," साहेबांनी सांगितलं. "आणि लोकांच्या शिव्या ऐकायच्या."

बाहेरून "कोण आहे तो शहाणा?" असा आवाज आला.

"चारही गोष्टी झाल्या माझ्यादेखत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तक्ता बाजूला सारून कागद ओढला. "वजनाचा तक्ता मला मदत म्हणून दिलाय, निर्णय माझा आहे." त्यांनी साडेएकोणनव्वद खोडलं, पावणेब्याण्णव लिहिलं, खाली 'फिरतीच्या कामास योग्य' असं लिहून सही केली. "तीन महिन्यांनी पुन्हा या. नव्वदच्या आत. आणि येताना खरा काटा घेऊन या."

साहेबांनी प्रमाणपत्र खिशात ठेवलं आणि त्याच मिनिटाला जप्तीचा कागद लिहायला घेतला.

ते बाहेर आले तेव्हा साऱ्या रांगेने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की एरवी ते खांबाआड झाले असते. बायको बाकावरून उठली. खाली आल्यावर साहेबांनी कागद तिच्या हातात दिला. तिने तो चष्मा लावून सावकाश वाचला, अगदी आकड्यासकट.

"वर फार बोलत होते का गं लोक?" साहेबांनी विचारलं.

"बोलत होते तर! ती शेजारची बाई मला म्हणाली, कोण हो हा मेला, स्वतः पास झाला होता तरी काटा बंद पाडून बसलाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझा नवरा आहे," बायको कागदाची नीट घडी घालत म्हणाली. "आणि जरा मोठ्यानेच म्हटलं."